दुकानात तंबाखू विकताना गिऱ्हाईकाचे वय कसे तपासावे : किनारपट्टीवरील नव्या दुकानदारांसाठी

किनारपट्टीवर नवे दुकान उघडणाऱ्याला वजनकाट्याचा शिक्का, ग्रामपंचायतीचा दाखला आणि उधारीची वही यांबद्दल सांगणारे पुष्कळ भेटतात. तंबाखूचा माल कोणाच्या हातात द्यायचा आणि कोणाच्या हातात द्यायचा नाही, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही. मालवण तालुक्यातील एका लहान बंदराजवळ सासऱ्यांनी सुरू केलेले किराणा दुकान मी गेली बावीस वर्षे चालवते आहे. गल्ल्यामागच्या एका खणात विडी, सिगारेट आणि पानाची तंबाखू असते. त्या खणाबाबत जे शिकले, त्यातले बरेचसे चुकून शिकले. नव्या दुकानदाराला तेवढ्या चुका कराव्या लागू नयेत, म्हणून हे लिहिले आहे.

गावातील दुकानात वयाची तपासणी चुकते ती कायदा ठाऊक नसल्यामुळे नव्हे, तर समोरचे पोर ओळखीचे असल्यामुळे चुकते. शहरातल्या दुकानदारापुढे अनोळखी मुलगा उभा राहतो, तेव्हा त्याचे वय विचारायला त्याला संकोच वाटत नाही. आपल्याकडे तो शेजारच्या वाडीतला असतो, त्याची आजी आपली वर्षानुवर्षांची गिऱ्हाईक असते आणि तो स्वतःसाठी नव्हे, तर घरातल्या मोठ्या माणसासाठी माल न्यायला आलेला असतो, निदान तसे तो सांगतो. म्हणून पुढच्या सगळ्या पायऱ्या एकाच नियमावर बेतलेल्या आहेत : माल ज्याच्या हातात जातो त्याचे वय पाहायचे, तो कोणासाठी नेतो आहे, हे विचारायचेच नाही.

कायदा नेमके काय सांगतो

सिगारेट व अन्य तंबाखू उत्पादनांविषयीचा अधिनियम २००३ साली झाला. सरकारी कार्यालयांत आणि पोलीस ठाण्यांत त्याला ‘कोटपा’ म्हणतात. त्याच्या कलम ६ नुसार अठरा वर्षांखालील व्यक्तीला सिगारेट, विडी, तंबाखू किंवा तंबाखूचा अन्य कोणताही पदार्थ विकता येत नाही, आणि शिक्षणसंस्थेपासून शंभर यार्डांच्या आत तो कोणालाच विकता येत नाही. कलम २४ मध्ये यासाठी दोनशे रुपयांपर्यंतचा दंड सांगितला आहे. हा आकडा ऐकून बहुतेक नवे दुकानदार हसतात, आणि दिवसाच्या गल्ल्याच्या मानाने त्यांचे हसणे समजण्यासारखे आहे. परंतु बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ मधील कलम ७७ वाचले की हसू मावळते. डॉक्टरांच्या सांगण्याशिवाय मुलाला दारू, अमली पदार्थ किंवा तंबाखूचा पदार्थ देणाऱ्यास किंवा देवविणाऱ्यास त्या कलमाखाली सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. येथे शब्द ‘विकणे’ असा नसून ‘देणे’ असा आहे, हे लक्षात घ्यावे. फुकट दिलेली चिमूटभर तंबाखूसुद्धा त्यात येते.

कोटपाखालील नियमांत आणखी एक वाक्य आहे, जे मला बाकी सगळ्यापेक्षा महत्त्वाचे वाटते : विकत घेणारा अल्पवयीन नव्हता, हे सिद्ध करण्याची जबाबदारी विकणाऱ्यावर आहे. म्हणजे ‘मला तो मोठा वाटला’ हे उत्तर चालत नाही. वाटणे आपले असते आणि पुरावाही आपल्यालाच द्यायचा असतो, म्हणून विचारण्याची सवय स्वतःच्या बचावासाठीही लावून घ्यावी.

पहिली पायरी : दुकानाची जागा मोजणे

शंभर यार्ड म्हणजे सुमारे ९१ मीटर. नियमांप्रमाणे हे अंतर शाळेच्या आवारभिंतीच्या किंवा कुंपणाच्या बाहेरच्या कडेपासून सरळ रेषेत, सर्व दिशांना सारखे मोजले जाते. रस्त्याने चालत किती लागते, याला अर्थ नाही. कोकणात हा भेद फार महत्त्वाचा ठरतो, कारण आपल्याकडची वाट कधी सरळ नसते. शाळेच्या चिऱ्याच्या गडग्यापासून निघून पाणंदीने उतरून, वहाळावरचा साकव ओलांडून आणि माडांच्या बागेला वळसा घालून दुकानात यायला दोन-अडीचशे पावले पडत असली, तरी मध्ये फक्त वहाळ आणि एक परसू असल्यास सरळ अंतर साठ मीटरही भरणार नाही. मोबाइलवरील नकाशात दोन ठिकाणांमधील सरळ अंतर मोजण्याची सोय असते. गडग्याच्या दुकानाकडील कडेपासून दुकानाच्या दारापर्यंत ते मोजावे. अंतर नव्वद मीटरच्या आसपास येत असेल, तर टेप घेऊन प्रत्यक्ष मोजावे किंवा तंबाखू ठेवण्याचा विचारच सोडून द्यावा. काही शाळांबाहेर रस्त्यावर शंभर यार्डांची पिवळी रेषा आखलेली दिसते; ती असल्यास काम सोपे होते. शाळा आणि कॉलेज दोन्ही पाहावीत.

जागा या वर्तुळाच्या आत पडत असेल, तर पुढच्या पायऱ्या तंबाखूपुरत्या वाचण्याची गरज उरत नाही. तेथे साठ वर्षांच्या माणसालाही विडी विकता येणार नाही.

दुसरी पायरी : काय ठेवायचेच नाही

वयाची तपासणी केली म्हणजे कोणताही माल विकता येतो, असा काहींचा समज असतो. महाराष्ट्रात गुटख्यावर जुलै २०१२ पासून बंदी आहे, दरवर्षी नव्या आदेशाने ती पुढे चालू ठेवली जाते आणि सुगंधी तंबाखू, मावा यांसारखे पदार्थही तिच्या कक्षेत येतात; ही बंदी अन्नसुरक्षा कायद्याखाली असून तिची अंमलबजावणी अन्न व औषध प्रशासन करते. इलेक्ट्रॉनिक सिगारेट, म्हणजे पर्यटक ज्याला ‘व्हेप’ म्हणतात ती, २०१९ च्या केंद्रीय कायद्याने पूर्णपणे बंद आहे. तारकर्ली किंवा गणपतीपुळ्याच्या बाजूला कोणी ती ठेवायला देऊ केल्यास घेऊ नये, कारण पहिल्याच गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात, आणि नुसती साठवणूकही शिक्षेस पात्र आहे.

सुट्या सिगारेटीचा आणि सुट्या विडीचा विषय वयाच्या प्रश्नाशी थेट जोडलेला असल्यामुळे त्यावर थोडे थांबते. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाने सप्टेंबर २०२० मध्ये सुटी सिगारेट आणि सुटी विडी विकण्यास मनाई केली. नव्या दुकानदाराला पाकीट फोडून एकेक विकण्यात नफा दिसतो, आणि आजूबाजूच्या टपऱ्यांवर ते उघडपणे चाललेलेही दिसते. परंतु पूर्ण पाकिटाचे पैसे नववीतल्या मुलाच्या खिशात सहसा नसतात. एका सिगारेटीचे असतात. शिवाय पाकिटाच्या ८५ टक्के भागावर जो सचित्र इशारा छापलेला असतो, तो सुटी सिगारेट घेणाऱ्याच्या नजरेसही पडत नाही. मी सुटी विक्री बंद केली तेव्हा संध्याकाळी शाळा सुटल्यानंतरची अर्धी गर्दी आपोआप नाहीशी झाली आणि त्या गर्दीत कोण होते, हे मला तेव्हा उशिरा कळले.

तिसरी पायरी : फलक

जेथे तंबाखू विकली जाते तेथे किमान ६० सेंटिमीटर लांब आणि ३० सेंटिमीटर रुंद असा फलक दिसेल अशा जागी लावणे बंधनकारक आहे. अठरा वर्षांखालील व्यक्तीला तंबाखूजन्य पदार्थ विकणे हा दंडनीय अपराध आहे, अशा आशयाचा इशारा त्यावर असावा लागतो आणि तंबाखूच्या दुष्परिणामाचे चित्रही असावे लागते. मजकूर मराठीत घ्यावा. कंपनीचा माणूस फुकट फलक देऊ करतो, त्यावर कंपनीचे नाव, रंग किंवा पाकिटाचे चित्र असेल तर तो नाकारावा.

आमच्याकडे कागदी फलक जूनच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत टिकत नाही. दमट हवेने तो फुगतो, बुरशी धरतो आणि जुलैत भिंतीवर फक्त चिकटपट्टीचे चार तुकडे राहतात. मग तपासणीच्या वेळी ‘होता हो, पावसाने गेला’ असे सांगावे लागते. पत्र्यावर रंगवून घ्यावा किंवा सनबोर्डावर छापून घ्यावा, आणि पागोळ्यांपासून आत, गल्ल्याच्या वरच्या बाजूला लावावा. त्याच्यासमोर चिप्सच्या किंवा शांपूच्या लडी टांगू नयेत. बहुतेक दुकानांत फलक असतो; तो लडींच्या मागे असतो एवढेच.

फलकाचा खरा उपयोग मात्र बोट दाखवण्यासाठी असतो. नाही म्हणताना आपल्या तोंडाऐवजी फलकाने नाही म्हटले की समोरच्याचा राग आपल्यावर येत नाही.

चौथी पायरी : खण आणि गल्ल्यावरचा माणूस

तंबाखूचा माल मुलांच्या हाती सहज लागेल अशा रीतीने मांडता येत नाही. व्यवहारात याचा अर्थ असा की गोळ्या-बिस्किटांच्या बरण्या आणि विडीची बंडले एका फळीवर नकोत, माल गिऱ्हाईकाच्या हाताच्या टप्प्यात नको आणि शक्य असल्यास तो कुलपाच्या खणात असावा. सिगारेटच्या आकाराच्या गोड कांड्या काही ठिकाणी अजून मिळतात. त्या ठेवू नयेत, असे माझे मत आहे.

याच नियमांत एक गोष्ट आहे जी घरगुती दुकानांना अडचणीची वाटते : अठरा वर्षांखालील व्यक्तीने तंबाखूचा माल हाताळायचा नाही आणि विकायचाही नाही. आपल्याकडे दुपारी जेवणानंतर मोठी माणसे आडवी होतात, किंवा होड्या लागल्या की घरचा पुरुष जेटीवर लिलावाला जातो, आणि तेवढ्या वेळात दुकानावर दहावीतला मुलगा किंवा मुलगी बसते. साखर, साबण, नारळ त्यांनी विकायला हरकत नाही. खणाची किल्ली मात्र मोठ्या माणसाच्या कमरेला राहिली पाहिजे. त्या वेळेत तंबाखूचे गिऱ्हाईक आले तर ‘चारनंतर या’ असे सांगायचे. दुपारी एक ते चार दुकान बंद ठेवण्याची आपली जुनी पद्धत या बाबतीत सोयीची आहे आणि ती सोडण्याचे मला काही कारण दिसत नाही.

पाचवी पायरी : कोणाला विचारायचे आणि काय पाहायचे

‘अठराखालचा वाटला तर विचारा’ ही सूचना निरुपयोगी आहे, कारण वय डोळ्यांना दिसत नाही. ट्रॉलरवर दोन हंगाम काढलेला सतरा वर्षांचा खलाशी उन्हाने रापलेला, दाढी आलेला असतो आणि पंचवीस वर्षांचा दिसतो. उलट मुंबईहून आलेली तेवीस वर्षांची मुलगी कॉलेजातल्या पहिल्या वर्षाची वाटते. इंग्लंडमधील दुकानांत पंचवीसच्या आतला वाटला की ओळखपत्र मागायचे, अशी पद्धत आहे. ती मी उचलली आणि खलाश्यांच्या बाबतीत तीस धरले. अंदाज सहा-सात वर्षांनी चुकला तरी मूल त्यातून सुटत नाही, हा त्यातला फायदा आहे.

विचारण्याची वेळ महत्त्वाची आहे. पाकीट काढून गल्ल्यावर ठेवल्यानंतर किंवा पैसे हातात घेतल्यानंतर विचारले तर वाद होतो, कारण समोरच्याच्या लेखी सौदा झालेला असतो. मालाचे नाव ऐकताच, खणाला हात लावण्याआधी विचारावे : “जन्मतारखेचे ओळखपत्र दाखवता का?” वय किती, असे विचारू नये, त्याला उत्तर नेहमी ‘एकोणीस’ असे येते.

तारखेचे गणित गर्दीत चुकते, म्हणून ते सकाळीच करून ठेवावे. मी सकाळी दिवाबत्ती झाल्यावर गल्ल्यामागच्या छोट्या पाटीवर खडूने एक तारीख लिहिते : आजची तारीख, आजचा महिना आणि आजच्या सालातून अठरा वजा केलेले साल. म्हणजे १२ जून २०२६ रोजी पाटीवर ‘१२ जून २००८’ असते. कार्डावरची तारीख ही किंवा याच्या आधीची असेल तर माल द्यायचा, नंतरची असेल तर नाही. ज्याचा आज अठरावा वाढदिवस आहे त्याला देता येते, कारण कायद्याने त्या दिवसाच्या आरंभीच तो सज्ञान होतो.

आता कागदपत्रांविषयी, आणि येथे घाई करू नये. आधार कार्डावर साधारणपणे पूर्ण जन्मतारीख असते, परंतु काही जुन्या कार्डांवर केवळ जन्मसाल छापलेले आहे. तसे असल्यास त्या सालातील ३१ डिसेंबर ही जन्मतारीख धरावी. कार्डावर नुसते २००८ असेल तर २०२६ संपेपर्यंत त्यावर माल देऊ नये. वाहन परवाना पाहून निर्धास्त होऊ नये, कारण गियर नसलेल्या लहान दुचाकीचा परवाना सोळाव्या वर्षी मिळू शकतो. त्यावरची तारीख वाचावी लागतेच. पॅन कार्ड अल्पवयीनाचेही निघते आणि त्यावर फोटो नसतो, त्यामुळे बिनफोटोचे पॅन कार्ड दिसले की तेथेच थांबावे. मतदार ओळखपत्र अठरा पूर्ण झाल्याशिवाय मिळत नाही. फोटो जुळला की ते चांगले. कॉलेजचे ओळखपत्र मी घेत नाही. मोबाइलमधील कार्डाच्या फोटोत तारीख बदलणे आजकालच्या पोरांना अवघड नाही, म्हणून डिजिलॉकर किंवा आधारचे अधिकृत ॲप आपल्यासमोर उघडून दाखवले तरच ते ग्राह्य धरावे.

आपल्या किनाऱ्यावर आणखी एक प्रकार वारंवार येतो. पावसाळी मासेमारीबंदी ३१ जुलैला संपली की होड्यांवर नवे खलाशी येतात आणि त्यांत नेपाळचे बरेच असतात. आंब्याच्या बागांमधील राखणदारही पुष्कळदा नेपाळीच असतात. त्यांच्याकडे नेपाळचे नागरिकत्वाचे प्रमाणपत्र असते. ते सोळाव्या वर्षापासून मिळते, त्यामुळे ते जवळ आहे म्हणजे माणूस अठराचा झाला, असे होत नाही. शिवाय त्यावर जन्मतारीख विक्रम संवतात असते, आणि तो संवत आपल्या इंग्रजी सालापेक्षा सुमारे ५६ वर्षे ८ महिने पुढे चालतो. संवत २०६५ चा वैशाख म्हणजे २००८ चा एप्रिल-मे. ‘२०६५’ पाहून गोंधळलेल्या दुकानदाराने माल देऊन टाकल्याचे मी पाहिले आहे. मागच्या बाजूस इंग्रजी तारीख दिलेली असल्यास तीच वाचावी, नसल्यास तांडेलाला बोलावून खात्री करावी, आणि खात्री होत नसेल तर माल देऊ नये.

कार्ड पाहून लगेच परत करावे. त्याचा फोटो काढू नये, क्रमांक लिहून घेऊ नये. आपल्याला फक्त तारीख आणि चेहरा पाहायचा आहे. आणि क्यूआर कोडवर मोबाइलने पैसे आले म्हणजे देणारा मोठा आहे, असे समजू नये. घरच्यांचा फोन घेऊन आलेली मुले मी रोज पाहते.

सहावी पायरी : नाही म्हणणे

सर्वांत अवघड गिऱ्हाईक आठ-दहा वर्षांचे असते. “काकी, आजयेक तंबाखू व्हयी,” असे म्हणून ते मुठीतली नाणी गल्ल्यावर ठेवते. ते खरेच बोलत असते. आपल्याकडच्या म्हाताऱ्या बायकांत मिशेरी लावण्याची आणि विड्यात तंबाखू घालण्याची सवय जुनी आहे, त्यांना चढण उतरून बाजारात येणे जमत नाही, आणि नातवंडाला पाठवण्यात काही गैर आहे असे त्यांच्या पिढीला कधी वाटलेच नाही. तरीसुद्धा कायद्याच्या दृष्टीने ही त्या मुलाला केलेली विक्री आहे.

मी अनेक वर्षे अशा मुलांना माल देत होते. एका मुलाला त्याच्या वडिलांसाठी म्हणून दर दोन दिवसांनी विडीचे बंडल देत असे. वडिलांनी विडी सोडून सहा महिने झाले होते आणि बंडल किनाऱ्यावरच्या मांगरात चार मित्रांत वाटले जात होते, हे मला त्याच्या आईकडून कळले. तिने मला दोष दिला नाही, हे अधिक लागले. ‘कोणासाठी’ हा प्रश्न मी तेव्हापासून सोडून दिला, कारण त्याचे खरे उत्तर ओळखण्याचे साधन दुकानदाराकडे नसते.

लहान मुलाला नाही म्हणताना त्याला रिकाम्या हाताने आणि ओशाळे करून पाठवू नये. मी त्याची नाणी त्याच्या मुठीत परत ठेवते आणि सांगते, “आजयेक सांग, काकी म्हणता मोठ्या माणसाक धाड.” आणि त्याच दिवशी आजीला फोन करते किंवा दुकान बंद करून जाताना वाट वाकडी करून माल तिच्या हातात नेऊन देते. वाडीतील अशा चार-पाच म्हाताऱ्या माणसांची यादी करून आठवड्याचा माल एकदम पोचवण्याची व्यवस्था लावली की तक्रार राहत नाही. घरपोच देताना मोठे माणूस घरात नसेल आणि ओटीवर फक्त मुले असतील, तर पिशवीतून तेवढा माल परत आणावा.

तेरा ते सतरा वयाच्या मुलांशी बोलण्याची रीत वेगळी. २०१९ च्या जागतिक युवा तंबाखू सर्वेक्षणात देशातील १३ ते १५ वर्षांच्या विद्यार्थ्यांपैकी ८.५ टक्के मुले तंबाखूचे सेवन करताना आढळली, म्हणजे एका मोठ्या वर्गात चार-पाच. त्यांच्यावर चारचौघांत ओरडू नये आणि ‘थांब, तुझ्या बापाला सांगते’ असेही म्हणू नये. अपमान झालेला मुलगा तंबाखू सोडत नाही, दुकान सोडतो. फलकाकडे बोट दाखवावे, “कार्डाशिवाय देता येत नाही” एवढेच म्हणावे आणि पुढच्या गिऱ्हाईकाकडे वळावे. कोणी सोडण्याविषयी विचारलेच, तर पाकिटावर छापलेला १८००-११-२३५६ हा मोफत क्रमांक दाखवावा. तेथे समुपदेशक बोलतात.

गणपतीत, शिमग्यात आणि मे महिन्यात चाकरमानी आले की नियमाची खरी परीक्षा होते. पुतण्या-भाच्यांचा घोळका दुकानावर येतो, त्यातला एकजण वीस वर्षांचा असतो आणि तो सर्वांसाठी मागतो. येथे हातांकडे लक्ष ठेवावे लागते. धाकट्याने पैसे काढून मोठ्याच्या हातात दिलेले दिसले, किंवा बाहेर कट्ट्यावर बसलेल्यांनी कोणता ब्रँड हवा ते ओरडून सांगितले, तर मोठ्याचे कार्ड पाहूनही माल देऊ नये. “गावची माणसं ना आपण?” हा प्रश्न हमखास येतो. त्याला मी हसून हो म्हणते आणि खण बंदच ठेवते.

जत्रेतील तात्पुरत्या दुकानांबद्दल थोडक्यात : आंगणेवाडीसारख्या जत्रेत तास-दोन तास उसंत नसते, कार्डे पाहणे प्रत्यक्षात होत नाही, म्हणून तेथे तंबाखूचा माल नेऊच नये. खाजे आणि मालवणी लाडू अधिक खपतात.

सातवी पायरी : नोंद, शेजारी आणि तपासणी

विक्री नाकारल्याची वही ठेवणे कायद्याने सक्तीचे नाही. तरीही ठेवावी : तारीख, वेळ, काय मागितले, का नाकारले. मुलाचे नाव लिहू नये. पुराव्याची जबाबदारी आपल्यावर असल्यामुळे, आपण नियमाने विचारतो एवढे तरी ती वही दाखवते; आणि दोन महिन्यांनी चाळली की कोणत्या वेळी मुले येतात तेही कळते. माझ्या वहीत शनिवारी सकाळची शाळा सुटल्यानंतरच्या नोंदी सर्वांत जास्त निघाल्या, म्हणून त्या वेळी गल्ल्यावर मीच बसते.

एकट्या दुकानाने नाकारले तर मूल चार पावले पुढच्या टपरीवर जाते, ही तक्रार खरी आहे. बाजारपेठेतील तंबाखू विकणाऱ्या सर्वांनी एकदा बसून एकच वाक्य ठरवावे, म्हणजे ‘तिकडे देतात’ असे कोणाला म्हणता येणार नाही. ग्रामसभेत विषय मांडता येतो, आणि जिल्हा रुग्णालयातील तंबाखू नियंत्रण कक्षाला कळवले तर माहिती द्यायला माणूस येऊ शकतो. आठवडा बाजारात बाहेरून येणाऱ्या विक्रेत्यांना विसरू नये. ते आपल्या बैठकीला नसतात.

पोलीस किंवा अन्न व औषध प्रशासनाचे अधिकारी तपासणीला आले तर त्यांचे ओळखपत्र पाहावे, फलक, खण आणि वही दाखवावी, दंड झाल्यास पावती घ्यावी. वाद घालू नये. चूक झाली असेल तर ती नेमकी कोणत्या वेळी आणि कोणाच्या हातून झाली, हे त्याच संध्याकाळी शोधावे.

नवा मदतनीस ठेवल्यास पहिले तीन दिवस त्याला खणाची किल्ली देऊ नये, फक्त आपण कसे विचारतो ते पाहू द्यावे. चौथ्या दिवशी किल्ली द्यावी आणि आठवड्याभरात त्याची परीक्षा घ्यावी. त्यासाठी खऱ्या अल्पवयीन मुलाला पाठवू नये. त्याला न ओळखणारा एखादा एकोणीस-वीस वर्षांचा, कोवळ्या चेहऱ्याचा नातेवाईक पाहावा आणि खिशात कार्ड ठेवून त्याला पाकीट मागायला सांगावे. मदतनिसाने खणाला हात लावण्याआधी कार्ड मागितले तर ठीक. मागितले नाही तर त्याच वेळी बोलू नये. दुकानात तिसरे कोणी नसताना पाटीवरची तारीख दाखवून पुन्हा पहिल्यापासून सांगावे आणि किल्ली आणखी तीन दिवस आपल्याकडे ठेवावी.